सहा जणांच्या पिशव्या

चौक गावाजवळ रस्त्याचं काम चालू होतं. तिथल्या खडीवरून ह्यांची स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली, वर कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड महिना त्या हातानं काही करायचं नाही असं बजावून घरी पाठवलं. हे शेलू-नेरळकडच्या नव्या बिल्डिंगींमधले पाण्याचे पंप दुरुस्त करतात. हात बसला की कामच बसलं. मुलगी शिकायला पुण्याला, मी खालापूरला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. दहिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर हे एकटेच.

माझा दिवस आधीच भरलेला होता. सकाळी चारफाट्यावरून कंपनीची बस, मग सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून खोकी तपासायची. संध्याकाळी घरी येईपर्यंत पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या. त्यात आता ह्यांची आंघोळ, शर्टाची बटणं, भात कालवून देणं हे सगळं आलं. हे कुरकुर करणारे नाहीत. उलट फार संकोच करायचे, आणि त्या संकोचानंच प्रत्येक कामाला दुप्पट वेळ लागायचा. पाणी हवं असलं तरी आधी माझ्याकडे बघत राहायचे, मी विचारायची वाट बघत.

कंटाळून एक दिवस ह्यांनी मुलीचा जुना लॅपटॉप कपाटातून काढला आणि त्यावर एक खेळ टाकला. डिप्लोमाला असताना हॉस्टेलवर हा खेळ खेळायचे म्हणे, परीक्षा बुडवून. मला बरंच वाटलं. निदान दिवस जाईल.

खेळ असा होता. सहा माणसं एका मोठ्या मुलखातून चाललेली असतात. दोन तलवारवाले, एक तिरंदाज, एक म्हातारा जादूगार, कुलपं उघडणारा एक चोर आणि जखमा बऱ्या करणारी एक बाई. तिला आम्ही वैद्यीण म्हणायला लागलो. वरून खाली बघितल्यासारखं सगळं दिसायचं, माणसं बोटभर उंचीची. वाटेत राक्षस भेटतात, लढाया होतात आणि मेलेल्यांच्या अंगावरचं सामान उचलायचं असतं. प्रत्येकाकडे चौकोनी खणांची एक पिशवी. एका खणात एक वस्तू. खण संपले की संपले. शिवाय वजन मोजलं जातं. ताकदीपेक्षा जास्त झालं की माणूस हळू चालतो, आणखी झालं की जागचा हलत नाही.

लढाई ह्यांना डाव्या हातानं जमायची. एक बटण दाबलं की सगळं थांबायचं, मग सावकाश कोणी कोणाला मारायचं ते ठरवता यायचं. पिशवी मात्र जमत नव्हती. त्यासाठी माउसनं वस्तू धरून ओढत नेमक्या खणात सोडायची. डावा हात थरथरला की बाटली भलत्याच्या पिशवीत जायची, नाहीतर जमिनीवर पडायची.

एका संध्याकाळी मी पोळ्या करून टेकले, तेव्हा ह्यांनी विचारलं, पाच मिनिटं बसतेस का. मी स्क्रीनकडे पाहिलं. सहाही पिशव्या खचाखच. गंजलेल्या तलवारी, सशाची कातडी, अर्ध्या जळलेल्या मशाली, कसल्या कसल्या किल्ल्या, निरनिराळ्या रंगांच्या बाटल्या, मंत्र लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळ्या. बाण तर सगळीकडे सांडल्यासारखे, इथे दोन तिथे पाच.

"खेळातपण आवराआवर मलाच का?" मी विचारलं.

हे हसले नाहीत. "डाव्या हातानं येत नाही गं," एवढंच म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून मला धड रागावताही येईना. मी बसले.

त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे लागलं. लढाया दिवसा व्हायच्या, मी नसताना. राक्षस मी फारसे पाहिलेच नाहीत. मी यायची तेव्हा सगळं शांत झालेलं असायचं आणि सामानाचा ढीग तेवढा उरलेला असायचा. आधी बाण गोळा करायचे. एकाच जातीचे बाण एकावर एक सोडले की त्यांचा एक जुडगा होतो आणि खण मोकळे होतात, हे मला लवकर कळलं. मग सगळ्या बाटल्या एका ओळीत, गुंडाळ्या जादूगाराकडे, किल्ल्या चोराकडे. हे बाजूला खुर्ची ओढून बसायचे आणि सांगत राहायचे. बसल्या जागी माझी कंबर दुखायची. तरी कधीकधी एखादी पिशवी नीट लागली की तिच्याकडे बघून जरा बरं वाटायचं, हेही सांगायला हवं.

भांडण व्हायचं ते टाकून देण्यावरून. ह्यांना काही टाकवत नाही. आमच्या गॅलरीत जळक्या मोटारी, तुटके पाइप आणि नटबोल्टचे डबे वर्षानुवर्षं पडून आहेत. त्यामुळे कपडे मी खिडकीच्या गजांना वाळत घालते. खेळातही तेच. सशाची कातडी कशाला, विचारलं तर म्हणायचे, पुढे कुणीतरी मागेल. गंजकी तलवार कशाला, तर विकता येईल. मग विकून टाकू म्हटलं तर गाव मागे राहिलेलं असायचं. मी एकदा विचारलं की हॉस्टेलवर खेळायचात तेव्हा कातडी कुणी मागितली होती का. आठवत नाही म्हणाले.

पिशव्या लावता लावता माझ्या एक लक्षात आलं. तंबू, दोर, भाकऱ्या, पाण्याच्या कातडी पिशव्या, जादा मशाली, असं जे सगळ्यांचं मिळून होतं ते सगळं वैद्यिणीकडे होतं. तिची स्वतःची वस्तू म्हणजे औषधाचा एक बटवा आणि एक काठी. तिचं नाव कायम लाल अक्षरांत असायचं, म्हणजे वजन जास्त झालंय. ती मागे राहायची आणि बाकीचे पाच जण तिच्यासाठी थांबत थांबत चालायचे.

मी विचारलं, हिच्याकडेच का.

"ती लढत नाही ना," हे म्हणाले. "तिचे हात मोकळे असतात."

मी उठून आत गेले. कुकरची शिट्टी झाली होती.

मधल्या एका रविवारी लोधिवलीहून सासूबाई आल्या. मुलाचा हात बघायला म्हणून आल्या, आणि येताना वाल, तांदळाचं पीठ आणि सुकट घेऊन आल्या. ती पोती ठेवायला जागा करता करता माझा अर्धा दिवस गेला. जेवण झाल्यावर त्या कॉटवर बसून आमचं चाललेलं बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती बाई मागं का ऱ्हाते रं?"

ह्यांनी सांगितलं, तिच्याकडे सामान जास्त हाय.

"मंग तिला घरी ठेवून जा की."

तसं खेळात करता यायचं. कुणालाही धर्मशाळेत सोडून पुढे जाता येतं. पण हे म्हणाले, ती नसली तर औषधपाणी कोण करील, एका लढाईतसुद्धा निभाव लागायचा नाही. सासूबाईंनी मान हलवली आणि आडव्या झाल्या. त्यांना झोप लागली. मी त्यांच्या अंगावर चादर घातली आणि वाल निवडायला घेतले.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. कंपनीत जेवणाची सुट्टी झाली होती, मी डबा उघडत होते, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. आवाज पार पडलेला.

"अगं, ती गेली."

मला सासूबाईच डोळ्यांसमोर आल्या. त्यांना दम लागायचा, गावी एकट्या असायच्या. हातातला डबा मी कसा खाली ठेवला मला आठवत नाही. कधी, कशी, कोण होतं जवळ, एवढं मी विचारत गेले. आणि सुट्टी मागायची, चौकला उतरून लोधिवली गाठायची, मुलीला कसं सांगायचं, हे सगळं त्याच वेळी डोक्यात चाललं होतं. हे जरा गोंधळले. मग म्हणाले, अगं, आई नाही, वैद्यीण. गुहेत मागे राहिली. बाकीचे पळून आले, तिला पळताच आलं नाही. तिचं सगळं सामान खाली पडलंय आणि कुणाच्याच पिशवीत जागा नाही.

मी फोन बंद केला. शेजारच्या बाईनं विचारलं काय झालं, तर तिला काय सांगणार. काही नाही म्हटलं. जेवण गेलं नाही. दुपारभर खोकी समोरून जात होती आणि माझे हात आपोआप चालत होते. बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. रागाचं होतं की सुटकेचं, कळलं नाही. बहुतेक नुसतं दमल्याचं होतं.

घरी पोचले तर लॅपटॉप मिटलेला. ह्यांनी डाव्या हातानं चहा ठेवला होता, अर्धा ओट्यावर सांडलेला. मला बघून म्हणाले, चुकलं माझं, तसं म्हणायला नको होतं.

मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. तशीच दारात बसले.

"मी दमलेय हो," मी म्हणाले. "सकाळपासून उभी असते, मग तुमचं करते, मग त्या सहा जणांचं करते. त्या बाईला पळता आलं नाही यात नवल काय? सगळ्यांचं तिच्याच गळ्यात अडकवलंत. मी विचारलं होतं तुम्हाला."

 ह्यांनी चहा कपात ओतला, कप माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः समोर जमिनीवर बसले.  मग ह्यांनी खाली बघत विचारलं, "तुला कधीपासून असं होतंय?"

कधीपासून ते मलाही सांगता येईना. हात मोडायच्या आधीपासून, एवढं म्हणाले. ह्यांना ते अपेक्षित नव्हतं. तोंडावरून कळलं.

त्या दिवशी खिचडी ह्यांनी केली, मी कांदा चिरून दिला. खेळ उघडला नाही.

गुहेत शिरण्याआधीचा खेळ ह्यांनी साठवून ठेवलेला होता, त्यामुळे मागे जाता येत होतं. दोन दिवसांनी ह्यांनीच लॅपटॉप पुढे ठेवला आणि म्हणाले, कुणी काय उचलायचं ते तू सांग. मी सांगितलं. तंबू मोठ्या तलवारवाल्याकडे, दोर आणि मशाली दुसऱ्याकडे, भाकऱ्या प्रत्येकाच्या प्रत्येकाकडे. त्यासाठी तलवारवाल्यांच्या जादा तलवारी टाकाव्या लागल्या. एकेक तलवार जमिनीवर ठेवताना ह्यांचा जीव खालीवर होत होता, पण बोलले नाहीत. एका ढालीसाठी मात्र वाद घातला. ती मी राहू दिली. वैद्यिणीच्या पिशवीत बटवा आणि काठी उरली, बाकी खण रिकामे. गुहेतून सहाही जण बाहेर आले. ते बघायला मी थांबले होते.

प्लास्टर निघालं, मग व्यायाम, मग हळूहळू ह्यांची कामं सुरू झाली. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. गॅलरीतल्या दोन मोटारी भंगारात गेल्या, बाकीच्या आहेत. सकाळचा चहा आता हे करतात, आणि कपडे वाळत घालतात, मला आवडत नाही अशा पद्धतीनं. पंपाच्या कामांची गर्दी झाली की तेही राहून जातं. खेळ ह्यांनी अर्धवट सोडला. हात मोकळा झाल्यावर त्यातलं मन उडालं असावं.

गेल्या रविवारी दुपारी हे कामावर होते आणि मला काही करायचं नव्हतं, म्हणजे होतं, पण केलं नाही. मी लॅपटॉप उघडला आणि माझा वेगळा खेळ सुरू केला. सुरुवातीला सोबती निवडायचे असतात. मी कुणाला घेतलं नाही. एकच बाई घेतली, कसली ते नीट वाचलंही नाही. पहिल्याच गावात तिला फिरवत बसले. विहीर होती, एक बाजार होता, नदीकडे उतरणारी पायवाट होती. लोक काही ना काही देऊ करायचे, मी नको म्हणायची.

हे आले, हात धुऊन मागे उभे राहिले. म्हणाले, एकटीनं यात पुढे जाता येत नाही, पहिल्या जंगलातच मारतील.

"मग नाही जाणार जंगलात," मी म्हणाले.

 हे खुर्ची ओढून शेजारी बसले आणि मला काही सांगायला गेले नाहीत. मी तिला नदीपर्यंत नेलं आणि काठावर उभी केली. पाणी हलताना दिसत होतं, जुन्या पद्धतीचं, तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा. आम्ही दोघं ते बघत होतो.