काठोकाठ पेला

रुग्णालयात मावशींना सगळे गोगलगाय म्हणत, आणि मावशींना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. बावीस वर्षं त्या रुग्णांचं स्ट्रेचर ढकलत होत्या. निघताना हलकेच रेटा द्यायचा, वळणाआधी वेग कमी करायचा, आणि थांबायच्या दहा पावलं आधीच मागे धरायला लागायचं.

"स्ट्रेचर थांबलं म्हणून वरचा माणूस लगेच थांबत नाही हो," त्या सांगत. "त्याचं अंग पुढेच जाऊ बघतं. हिसका बसतो तो टाक्यांना."

हे काही त्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी घाईघाईत स्ट्रेचर दाराशी गचकन थांबवलं आणि वरची म्हातारी किंचाळली. तेव्हापासून रोज सकाळी रिकाम्या स्ट्रेचरवर काठोकाठ भरलेला पेला ठेवून त्या व्हरांड्याची एक फेरी मारत. पाणी सांडलं, की पुन्हा पहिल्यापासून.

नवे व्यवस्थापक आले ते घड्याळ घेऊनच. बाकीचे चार मिनिटांत पोचतात, मावशींना सहा लागतात! "सोमवारपासून तुम्ही चादरी धुवायला," त्यांनी सांगून टाकलं. धुण्यात कमीपणा नव्हता, पण हात ज्यात मुरले होते तेच काम हातचं चाललं होतं.

शनिवारी मानेचं हाड मोडलेला एक सुतार आला. शस्त्रक्रिया वरच्या मजल्यावर, मध्ये लांब चढ.

"जरा हिसका बसला तर याचे हातपाय कायमचे जातील," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मावशींना बोलवा."

"पण त्यांना फार वेळ लागतो," व्यवस्थापक म्हणाले.

"लागू दे."

मावशींनी दांडा पोटाशी घट्ट धरला. चढावर स्ट्रेचर मागे रेटू लागलं, तसा त्यांनी सगळा भार पायांवर घेतला. दारातल्या पट्टीवरून चाकं एकेक करून अलगद उतरवली. व्यवस्थापक मागोमाग येत होते. घड्याळ बघायचं त्यांना सुचलंही नाही.

सुताराने भीतीने डोळे गच्च मिटले होते. "मावशी," तो पुटपुटला, "निघायचं कधी?"

"पोचलोसुद्धा, दादा."

मावशींची मान अशी ताठ झाली, की डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं. व्यवस्थापकांनी मात्र मान खाली घातली.

सोमवारी सकाळी त्यांच्याच हुकमाने व्हरांड्यात चार स्ट्रेचर उभी राहिली, वर चार भरलेले पेले. पहिल्या वळणावरच बाकीच्यांचे तीन सांडले.

"चला," चौथ्यामागून मावशी म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून."