टीव्हीकडे पाठ करून बसणारे मुकादम

आमच्या घरी आले की मुकादम खुर्ची उचलायचे, उलटी फिरवायचे आणि टीव्हीकडे पाठ करून बसायचे. तोंड आमच्याकडे.

"मुकादम, असे काय बसलात? तिथून दिसत नाही," बायको म्हणायची.

"दिसतंय की वहिनी. समदं दिसतंय."

मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मुकादम, आणि आमच्याच इमारतीत तळमजल्याला. बाजारात तेव्हा रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, त्यामुळे समोरच्याच्या तोंडावरून मनातलं ओळखायची त्यांना सवय. ती त्यांनी आमच्यावरही चालवली.

केबल नुकती आली होती. त्याआधी एका मालिकेत एक गृहस्थ शेजाऱ्याकडे आपली छत्री परत मागायला जायचा आणि दर वेळी नुसता चहा पिऊन यायचा. केबलवरचे विनोद तुम्हीही पाहिले असतील. मिशीवाल्या बाप्याला साडी, थोबाडीत मारल्याचे आवाज, संडास, आणि आपण हसायच्या आधीच भरून ठेवलेला हशा. मी सोफ्यावरून घसरायचो. मला ते आधुनिक वाटायचं.

"छत्रीवाल्याला तुमी येगयेगळे हसायचा, साहेब," मुकादम म्हणायचे. "वहिनी आधी, तुमी मागनं, आन् आक्का चहा गाळताना." आक्का म्हणजे माझी आई. "आता समदी एकदम हसताय. धक्का दिल्यावर पोती पडत्यात तशी."

"जमाना बदलला, मुकादम. जरा मोकळे व्हा."

"मोकळाच हाय. म्हून तर पाठ करून बसलोय."

त्याच वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. दिवसाला दोन-चार शब्द सुटायला लागले. ती 'पाणी' म्हणाली तेव्हा घरात पेढे आले.

आणि एका संध्याकाळी पडद्यावर एक नट आला. तोंड वाकडं करून, लाळ गाळत, जीभ अडखळवत बोलायला लागला. दुसरा दर वाक्याला त्याच्या टाळक्यात मारायचा. मी खो खो हसलो. बायको हसली, मुलं हसली. हसता हसता मुकादमांकडे लक्ष गेलं. ते आमच्याकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते. आईने डाव्या हाताने पदर तोंडावर धरला होता.

मुकादम उठले, टीव्ही बंद केला आणि जिना उतरून गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आईचं बोलणं थांबलं. पाणीसुद्धा बोटाने मागायची. मी माफी मागितली, बायकोने मागितली. तिने नुसती मान हलवली. पदर तोंडावरून निघेना.

चौथ्या दिवशी मुकादम आले आणि आईसमोर बसले. "आक्का, साहेब टीव्ही कसा बघत्यात, दावू?"

केलं काहीच नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. कोणी हसतंय का, याचा अंदाज घेतला. खात्री पटल्यावर बेताने दात दाखवले आणि मग पोट धरलं. तो मी होतो. चाळिशीतला, कचेरीत साहेब म्हणवून घेणारा, स्वतःला विनोदाचा दर्दी समजणारा मी.

बायकोला हसू आवरेना. आई बघत राहिली. मग तिचे खांदे हलले. पदर खाली आला. एकेक अक्षर ढकलत ती म्हणाली, "लहान...पणा...पासून... असाच."

"व्हय? तवा कुणाकडं बघायचं ओ हे?"

"बा...पाकडं."

मला इतकं वाईट कुणी कधी हसलं नाही, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नाही.

पुढच्या वर्षी काम सोडून मुकादम गावी गेले. निघायच्या दिवशी आईला भेटायला वर आले. आईला खूप सांगायचं होतं. एका वाक्याला मिनिट लागायचं. शब्द अडला की तो पुरवायला मी तोंड उघडायचो आणि मुकादम माझ्याकडे न बघता तळहात वर करायचे. खाली सामान भरलेला टेम्पो हॉर्न वाजवत होता. आईचं वाक्य संपेपर्यंत ते हलले नाहीत.