रणगाड्यातली चौथी जागा

दस्तगीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी रणगाड्यावर उभा होतो. म्हणजे गोष्टीतल्या रणगाड्यावर! मेढ्याला भाचीचं लग्न होतं, जेवणं उरकली होती आणि साठ-सत्तर वऱ्हाडी माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसले होते. साठ-सत्तर कशाला, दीडशे धरा. राजस्थानची सरहद्द, समोरून शत्रूची, युक्रेनातल्या खार्कीवला बनलेली गाडी गुरगुरत येतेय, माझ्या तोफेचा गोळा तिच्या कपाळावर आपटून तसाच माघारी फिरलाय, आणि तो झेलायला मी झाकणातून उडी मारणार... तेवढ्यात खिशात फोन वाजला. दस्तगीरचा थोरला मुलगा बोलत होता. "आबाचाचा, अब्बा गेले." उडी तशीच राहिली. पाच आठवडे झाले, त्या लग्नातले लोक अजून निरोप धाडतात, पुढं काय झालं ते सांगा म्हणून. सांगतो. पण आधी दस्तगीर.

आष्ट्याच्या बाहेर, रस्त्याला लागून, दस्तगीर मिस्त्रीचं पत्र्याचं वर्कशॉप. तो उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. त्यानं जोडलेली ट्रॉली मोडायची झाली तर आधी ट्रॅक्टर मोडायचा, मग रस्ता, मग कारखान्याचं गेट, आणि मग कुठं ट्रॉलीला ओरखडा! आम्ही शाळेपासूनचे दोस्त. सैन्यभरतीला साताऱ्याला एकाच एसटीनं गेलो. धावण्यात तो माझ्यापुढं होता, छाती माझ्याहून रुंद. पण लहानपणी भट्टीची ठिणगी उडून त्याच्या डाव्या डोळ्यात डाग पडलेला. डॉक्टरनं टॉर्च मारली आणि नुसती मान हलवली. मला घेतलं, तेही रणगाड्यांच्या रेजिमेंटला. रेजिमेंटमध्ये नेमकं कुठं, ते जरा पुढं सांगतो. निघताना स्टँडवर तो म्हणाला, "फौजी, मला आता आत जायला मिळायचं न्हाई. तू जातोयस. रणगाडा आतनं कसा असतो ते लिवून धाड. एक खिळा सोडू नगंस."

मी लिहिलं. वीस वर्षं लिहिलं. आणि माझी पत्रं वाचता वाचता ह्या गड्याला रणगाड्याचं असं वेड लागलं की विचारू नका. पुढं सरहद्दीपलीकडच्यांनी युक्रेनकडून, खार्कीवच्या कारखान्यातून, ऐंशी नंबरच्या डिझेलवाल्या गाड्या घेतल्या, तेव्हापासून तर तो खार्कीवचा जावईच झाला! पुस्तकं मागवली, नंतर मोबाईलवर डोळे फोडले. मी पेन्शनीत आलो तसा रोज सकाळी त्याच्या वर्कशॉपात चहा, आणि पत्र्यावर खडूनं आकृत्या.

"ह्या रणगाड्यांची नावं ऐकून मला घेरी येती," मी एकदा म्हणालो.

"घेरी कसली? ऊस हाय समज. चौसष्ट नंबरची ही जुनी जात. तिचा खोडवा राखला, नवं खतपाणी घातलं, ती झाली बुलात. बुलात म्हंजी आपलं पोलाद. आन् ऐंशीचं डिझेलवालं बेणं घिऊन नवी लागण केली, ती चौऱ्याऐंशी. तिच्यातनं पुन्ना निवडून काढली ती ओप्लोत. ओप्लोत म्हंजी तटबंदी."

"आन् ती तलवारीच्या नावाची?"

"यातागान. तुर्कांनी बघाया बोलावली, म्हणून तोफ त्यांच्या मापाची बसवली, नाव बी त्यांच्याच तलवारीचं ठिवलं. आन् तुर्कांनी घेतलीच न्हाई! सासरच्या पसंतीनं पोरीचं नाव बदलावं आन् ऐन टायमाला स्थळ मोडावं, तसं झालं."

हसता हसता माझा चहा सांडला. पण बुरुजाचा, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या डोक्याचा, विषय निघाला की तो हसायचा नाही, छाती काढायचा. आधीचा बुरूज ओतीव, रशियाकडून यायचा. तो मिळायचा बंद झाला, तेव्हा खार्कीववाल्यांनी जाड पत्रे जोडून वेल्डिंगचा बुरूज केला आणि तो आधीपेक्षा दणकट निघाला. हे सांगताना दस्तगीरचा आवाज असा चढायचा की ते वेल्डिंग ह्याच्याच चुलतभावानं केलं असावं. मग चिलखतावरच्या विटांकडे यायचा. "ह्या विटात दारू असती. शत्रूचा मारा आला की वीट आधी फुटती, आन् येणारी धार मधीच कापती. म्हणून नाव नीझ, म्हंजी सुरी. पुढं थरावर थर दिले, ती दुप्लेत. वीट जाती, आतला माणूस ऱ्हातो. समजलं का, फौजी?"

समजलं, असं मी म्हणालो. समजलं मात्र पुढच्या गणपतीत.

युक्रेनात लढाई पेटली त्या वर्षी आमच्या मंडळानं ओप्लोतचा देखावा धरला. दस्तगीरला दुसरा जन्म मिळाला! भंगारातली ट्रॉली, तोफेला बोअरचा पाईप, विटांना तेलाचे डबे कापून केलेल्या पेट्या. बुरुजाचा कोन त्यानं तीनदा तोडून तीनदा जोडला. मंडळाचा अध्यक्ष वैतागला, "मिस्त्री, गणपतीला काय कळतंय त्यातलं?" "गणपतीला समदं कळतंय. तुला कळंना झालंय," दस्तगीर म्हणाला. रणगाडा असा झाला की पलूसपर्यंतची कुत्री भुंकायची थांबली. आणि टोपी घालून, माईक धरून लोकांना माहिती सांगायला कोण? अर्थात मी. रणगाड्यावरचा तोफची, सरहद्दीवर लढलेला एकमेव आष्टेकर!

आता सांगून टाकतो. रेजिमेंट रणगाड्यांचीच होती, पण मी होतो तिच्या लंगरात. स्वयंपाकी. वीस वर्षं मी तीनशे माणसांची डाळ ढवळली आणि रणगाडा पाहिला तो भांडी धुण्याच्या नळावरून. दस्तगीरला पहिल्या पत्रात खरं लिहायला बसलो होतो. पण स्टँडवरचा त्याचा चेहरा आठवला, आणि हात आपोआप बुरुजात शिरला... मग बाहेर निघालाच नाही. हे माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. मुलीची सोयरीकही त्याच नावावर झालेली.

उद्घाटनाला पाहुणे कोण यावेत? मेढ्याकडचे सुभेदार शेलार. सगळी नोकरी खऱ्या रणगाड्यात काढलेला माणूस! त्यांनी माझी माहिती शांतपणे ऐकली आणि अख्ख्या आष्ट्यासमोर विचारलं, "वा, आबा! तुम्ही तोफची ना? मग एवढं सांगा, ह्या गाडीत गोळा भरणारा लोडर कुठं बसतो?"

मी छाती फुगवली. "डाव्या अंगाला! माझा लोडर तर असला दांडगा गडी होता..."

सुभेदारांच्या मिशीखाली हसू फुटलं. "आमच्या बहात्तर नंबरच्या रणगाड्यात लोडर नसतो. ह्या गाडीतबी नसतो. गोळा यंत्र भरतं. आत माणसं तीनच. तुम्ही कुठल्या गाडीवर होता म्हणायचं?"

माईक चालू होता. पहिल्या रांगेत माझे व्याही बसलेले. तेवढ्यात गर्दीतून दस्तगीर पुढं आला, हातात ग्राइंडर तसाच.

"आवं साहेब, त्यांना कशाला इचारताय? चूक माझी हाय. तो बिचारा तीनच म्हणत हुता. मीच म्हणलं, न्हाई, चार बसत्यात, लोडर असतुया, तसंच सांग. मी आत चार जागा केल्यात."

"काय मिस्त्री! एवढं बनवलं आणि एवढं साधं माहीत नाही?"

"ट्रॉलीवाला मानूस, साहेब. चुकलो."

सगळं आष्टं हसलं. अध्यक्ष तर पोट धरून. ज्या एका गोष्टीत ह्या माणसाला कुणी चूक काढू शकत नव्हतं, त्याच गोष्टीत तो अडाणी ठरून मान खाली घालून उभा राहिला. वीट फुटली. आतला माणूस राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर हा रणगाड्यात शिरून वेल्डिंग करतोय. "काय करतोयस रं?"

"चौथी जागा. चार हायत म्हणालो ना? कुणी वाकून बघितलं म्हंजी?"

मी तिथंच पायरीवर बसलो. "दस्तू... तुला कवापासनं ठाऊक हाय?"

त्यानं तोंडावरची काच वर केली. "तिसऱ्या पत्रापासनं. तोफचीच्या पत्राला ग्रीस लागतं, फौजी. तुझ्या समद्या पत्रांना हळद. सांगलीकडच्या मानसाला हळद वळखाया शिकवतोस व्हय?"

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तू लिवायचा थांबला असतास की," तो म्हणाला आणि काच खाली ओढून पुन्हा कामाला लागला.

परवा दस्तगीरच्या बायकोनं, शमाभाभींनी, मला माझ्याच पत्रांचा गठ्ठा दिला. सुतळीनं बांधलेला, कडा पिवळ्या, कागद जुना म्हणून नव्हे. तो घेऊन मी वर्कशॉपामागं गेलो. तिथं उभ्या असलेल्या देखाव्याच्या रणगाड्यावरची ताडपत्री ओढली आणि आत शिरून डाव्या अंगाला बसलो. जागा बरोब्बर माझ्या मापाची आहे. वेल्डिंगवर हात फिरवला तर कुठंही खडबड लागत नाही.

तर मेढ्याच्या वऱ्हाडींनो, पुढं काही झालं नाही. मी उडी मारली नाही, कारण मी रणगाड्यावर कधी चढलोच नव्हतो. सुभेदार शेलार, मिस्त्रीची चूक नव्हती, ती माझी होती. व्याह्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं, मधे पडायला आता वीट नाही. साऱ्या जगात चार माणसांचा ओप्लोत एकच आहे आणि तो आष्ट्याला उभा आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं येऊन जागा मोजाव्यात. आयुष्यात ही एक गोष्ट मी वाढवून सांगत नाही.