भिंतीवरचा नवरा

टेलिव्हिजनवर मी विधवा असायचे तेव्हा माझा नवरा घरी समोरच्या खुर्चीत बसून उकडलेल्या शेंगा खात मला बघायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मॉरिशसच्या टेलिव्हिजनवर आमच्या मराठीला अधूनमधून थोडी जागा मिळे. त्या जागेत मी एक विनोदी मालिका लिहायचे आणि करायचेही. लिहायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी लिहिली, आणि विधवेचं सोंग घ्यायला कोणाची सून तयार होईना म्हणून मीच उभी राहिले. बाई खोटारडी. शेजारणींना थापा मारायची, आणि थाप मारली की भिंतीवरचा हार घातलेला नवऱ्याचा फोटो तिरका व्हायचा. मागे एकजण दोरी ओढायचा. मी हात वर न्यायचे, तो हवेत तसाच धरून घरोघरच्या लोकांना पोटभर हसू द्यायचे, मग फोटो सरळ करून त्याला दटावायचे, "तुम्ही मध्ये बोलू नका." एवढ्या एका गमतीवर मालिका वर्षानुवर्षं चालली. लोक हुशार विनोदाला हसतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लिहून बघावं.

फोटो यांचाच होता. पहिल्या शूटिंगला हार घालायला फोटोच मिळेना. जिता माणूस स्वतःचा देईना, आणि मेलेल्याचा हसण्यासाठी कोण देणार? मी हे घरी सांगितलं तर हे उठले आणि क्युरपिपच्या स्टुडिओत काढलेला आपला मोठा फोटो भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला. कोट, टाय, आणि सरकारी कचेरीत फाइल वाचताना असतो तसा चेहरा. त्या चेहऱ्यानेच मालिका तारली, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. जन्म बों अक्योय गावी उसाच्या मळ्यांत गेलेला, बोलणं मोजकं. मी कुंकू पुसून कॅमेऱ्यापुढे जाते हे त्यांनी पोटात घातलं होतं. फोटो पडद्यावर दिसला मात्र, त्या उठून उभ्या राहिल्या.

"जित्या मानसाला हार घातलास गं," त्या म्हणाल्या. "आता त्यो काढायचा कुनी?"

मला राग आला. स्टुडिओत काम संपलं की काढतातच, असं मी फटकन बोलले. पण त्या दिवसापासून कार्यक्रम संपला की त्या मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन यांची दृष्ट काढायच्या आणि मूठ शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकायच्या. मिरचीचा ठसका लागला तर सगळं ठीक. नाही लागला तर दृष्ट लागलेली. आम्ही दोघं खोकायचो आणि हसायचो.

बाहेर मात्र गंमत वाढत चालली. कार्तिए मिलितेरच्या बाजारात एका म्हातारीने भोपळा खाली ठेवून यांचा दंड चाचपून बघितला. बसचा कंडक्टर म्हणाला, मेलेल्याला कसलं तिकीट. हे घरी येऊन सगळ्यांची नक्कल करायचे, माझ्यापेक्षा चांगली. मग हळूहळू नक्कल बंद झाली. एकदा बों अक्योयहून लांबचे एक नातेवाईक पांढरे कपडे घालून दारात उभे राहिले. त्यांनी अर्धवट काहीतरी ऐकलं होतं. दार यांनीच उघडलं. चहा झाला, सगळे हसले, पण तो माणूस जाताना यांच्या पायांकडे बघत होता, हे मी पाहिलं.

एका कार्यक्रमानंतर सासूबाईंनी मूठ निखाऱ्यांवर टाकली आणि काहीच झालं नाही. मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला, ठसका नाही. मी म्हटलं, मिरच्या जुन्या असतील. आमच्या क्युरपिपच्या ओलीत काय टिकतं? सासूबाई शेगडीकडे बघत बसल्या. मीही बघत होते, फक्त तसं दाखवत नव्हते.

त्या वारल्यावर मी फोटो उतरवायचं ठरवलं. विधवा नवं घर घेते आणि फोटो जुन्या घरीच राहतो, असा भाग लिहिला. निर्मात्याने वाचून परत दिला. लोक आधी फोटो कुठे म्हणून विचारतील, तुम्ही कुठे हे नंतर, असं म्हणाला. मला ते झोंबलं, कारण खरं होतं. तरी मी अडून बसले असते. पण हेच आडवे आले.

"कचेरीत मला कोण ओळखतं?" हे म्हणाले. "भिंतीवर तरी राहू दे मला."

फोटो राहिला, आणि दृष्ट मी काढू लागले. होय, मीच, अंधश्रद्धांची टिंगल करणारे संवाद लिहिणारी. मिरच्या बाजारातून ताज्या आणायचे. हे खुर्चीत डोळे मिटून बसायचे. आधी हसायचे, पुढे हसेनासे झाले. जिने चढताना धाप लागू लागली तेव्हा डॉक्टरांनी हृदयाचं नाव घेतलं. मला शेगडीच आठवली. मी घाबरले होते, आणि घाबरतच विनोद लिहीत होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मालिका बंद झाली. फोटो हारासकट घरी आला. हार मी स्वतःच्या हाताने तोडून चुलीत घातला आणि फोटो कपाटात उलटा ठेवला. सुटले, असं वाटलं. खरंच वाटलं.

पुढच्या वादळाच्या मोसमात हे गेले.

आमच्या मुलीने घरभर यांचा फोटो शोधला. लग्नातला माझ्यासोबतचा, कचेरीतला घोळक्यातला. एकट्याचा, मोठा, समोर बघणारा असा तोच एक होता. कपाटातून तो काढताना ती माझ्याकडे बघत नव्हती. बैठकीच्या भिंतीवर जुन्याच खिळ्याला तो लागला. हार मी घातला.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. बाहेर वारा वाढत होता, वादळाचा पहिला इशारा झालेला. शेजारच्या बाईंनी माझा हात धरून विचारलं, शेवटी फार त्रास झाला का?

"नाही," मी म्हटलं. "झोपेतच गेले."

हे खोटं होतं. दुपारभर माझा हात धरून ते श्वासासाठी धडपडत होते.

कोणीतरी दार उघडलं, वारा आत आला आणि फोटो तिरका झाला.

सगळ्यांच्या नजरा भिंतीवर गेल्या. मग मागे बसलेली एक तरुण मुलगी हसली. लहानपणी जमिनीवर बसून मला बघणाऱ्यांतली असावी. तिने तोंड दाबून धरलं, पण शेजारची फुटली, आणि मग सगळेच. म्हाताऱ्या पदर तोंडात घालून हसत होत्या आणि रडत होत्या. मला कोणाचाच राग आला नाही. इतकी वर्षं मीच शिकवलं होतं त्यांना, त्या चेहऱ्याला हसायला.

मी उठले. हात वर नेला आणि तो सवयीने हवेत थांबला, हशा संपेपर्यंत.

मग मी फोटो सरळ केला. पुढचं वाक्य माझं होतं. सगळे त्याचीच वाट बघत होते. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, आणि मला ते म्हणवेना, कारण यांनी मध्ये काहीतरी बोलावं एवढंच मला हवं होतं.