बाबासोचं मंजूर

आमच्या गडमुडशिंगीत बाबासो कांबळेचा आवाज म्हंजे नाद खुळा. गड्याला माईक लागत न्हाय. पण एवढ्या आवाजाचा उपयोग काय, तर पतसंस्थेच्या वार्षिक सभेत वरडायचं! चेअरमन धैर्यशीलराव विषय वाचणार, थांबून बाबासोकडं बघणार, बाबासो "मंजूर!" म्हणून गरजणार, आणि मागनं आम्ही सगळी मेंढरं "मंजूर, मंजूर!" अनुमोदक म्हणून दरसाल त्याचंच नाव. विषय काय हुता हे कोण इचारतंय? बाहेर मटणाचा वास सुटलेला असतोय, जाताना सभासदाला स्टीलचा डबा. संस्था आपल्या सगळ्यांची हाय म्हंत्यात, ती अशी.

औंदा विषय बाबासोच्याच घरात शिरला. गावातली शाखा बंद करायची, कारभार कोल्हापुरातनं आणि मोबाईलवरनं. त्या शाखेत कॅशियर हाय त्याची पोरगी संघप्रिया. शाखा गेली की तिची नोकरी गेली. म्हाताऱ्यांच्या स्लिपा तीच भरून देती. भाजीवाल्या झुंबरबाईला मोठ्या बँकेत कुणी बसा बी म्हणालं न्हवतं, हितं संघप्रियानं खटपट करून कर्ज मिळवून दिलं.

"आबा, यंदा नामंजूर म्हणायचं. तुम्ही म्हणला की गाव म्हणतंय," पोरीनं बजावलं.

"काळजीच सोड की!"

सभेदिवशी सकाळपासनं गडी गोठ्यात म्हशीम्होरं 'नामंजूर, नामंजूर' वरडत हुता. म्हशीनं पान्हा चोरला, पण ह्यानं तालीम सोडली न्हाय.

सभेत आधीचे विषय धडाधड मंजूर झाले. मग शाखेचा आला. धैर्यशीलरावांनी वाचला, नेहमीसारखं थांबले, बाबासोकडं बघून हसले. आणि मुडदा बशिवला त्या सवयीचा! "मंजूर!" हॉल दणाणला. मागनं आम्ही हाईच.

बाबासो ताडकन उठला. "न्हाय, न्हाय! नामंजूर! नामंजूर!"

लोक पोट धरून हसले. त्यांना वाटलं, गडी चेष्टा करायलाय. तवर अर्धी पब्लिक जेवायच्या रांगेत. मला असा राग आला, पण कुणावर काढायचा?

स्टेजवर सभेचं इतिवृत्त संघप्रियाच लिहीत हुती. तिनं मान वर न करता इचारलं, "आबा, अनुमोदक म्हणून तुमचं नाव लिहू?"

बाबासोनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटंना.

धैर्यशीलराव मायेनं म्हणाले, "लिही की पोरी. दरसाल त्यांचंच असतंय."