पिंजरा कोणी उघडला

आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये केरळचे एक गृहस्थ एकटेच राहायचे. बाबा आणि ते फॅक्टरीत एकाच सेक्शनला होते. एकदा रजेवर गावी जाताना ते आपला पक्षी आमच्याकडे ठेवून गेले. तिकडच्या डोंगरातल्या जंगलातला, चिमणीएवढा पोपट. अंग हिरवंगार, पाठीखाली लालभडक, गळ्याशी इवलासा निळा डाग.

"भाभीजी, केला, अमरूद, बस. और सोते टाइम उल्टा," असं म्हणत त्यांनी हात फिरवून काहीतरी दाखवलं. आईला वाटलं, पक्ष्याला रात्री उलट्या होतात.

"आजारी पाखरू आपल्या गळ्यात मारून गेला," ती नंतर म्हणाली. "मेलं तर नाव आपलं." संध्याकाळ झाली की ती पिंजऱ्यावर जुनं धोतर टाकायची आणि चांगलं उजाडल्यावरच काढायची.

माझी विधवा आत्या आमच्याकडेच राहायची. बाबांपेक्षा मोठी. तिचं सासर भंडाऱ्याकडचं. राज्यं वेगळी होऊन भंडारा पलीकडे गेला आणि आम्ही इकडे हिंदी मुलखात राहिलो, तेव्हापासून तिकडून पत्रही येईनासं झालं होतं. ती पोपटाला पेरूच्या फोडी भरवायची. "एवढासा जीव, काहून कोंडून ठेवायचा?" असं दोन-तीनदा म्हणालीही.

आठ-दहा दिवसांनी सकाळी आईने धोतर उचललं तर पिंजरा रिकामा. दार मात्र नीट लावलेलं.

"मांजर दार लावून नाही जात," आई म्हणाली. बाबा भोंग्याआधीच ड्युटीवर गेले होते. आईने मला विचारलं, भावाला विचारलं, मग आत्याकडे वळली.

"बाई, तुम्ही सोडला न?"

"मी कशाला सोडू? दुसऱ्याची वस्तू आहे ते."

"तुम्हीच तर म्हणून राहिल्या होत्या."

"म्हणणं वेगळं."

मी आईला हळूच सांगितलं की आत्या आज अंधारातच उठून अंगणात गेली होती. ती रोजच जायची, तुळशीला पाणी घालायला. ते मी सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही.

संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकलं. "चलो, जाऊ द्या आता," एवढंच म्हणून ते हातपाय धुवायला गेले. आईने मात्र सोडलं नाही. आत्या स्वयंपाकघरात शिरली की आई मागोमाग जायची, शेजारणींशी बोलताना आत्या दिसली की आवाज खाली आणायची. मीही आत्यावर नजर ठेवायला लागले. चौथ्या दिवशी आत्याने पिशवी भरली आणि चुलतभावाकडे सिहोऱ्याला निघाली. बाबाच तिला बसमध्ये बसवून आले.

वरचे शेजारी रजेवरून परतले तेव्हा आईचं उत्तर तयार होतं. पण बाबा तिच्या आधी उठले. "वो मेरे हाथ से उड़ गया," ते म्हणाले.

त्या सकाळी पाणी बदलायला म्हणून त्यांनी पिंजऱ्यावरचं धोतर वर केलं होतं. पक्षी पिंजऱ्याच्या छताला वटवाघळासारखा खाली डोकं करून लटकलेला. मेला समजून त्यांनी त्याला हातात घेतलं, आणि तो फुर्रकन खिडकीतून गेला. घाबरून त्यांनी दार लावलं, धोतर टाकलं आणि सायकल काढली.

"उल्टा ही सोता है ये," शेजारी हसून म्हणाले. "बताया था न भाभीजी को." मग हसू मावळलं. "किधर गया?" बाबांनी खिडकीतून टेकडीकडे बोट दाखवलं. शेजारी रिकामा पिंजरा घेऊन वर गेले.

"बाई गेल्या तेव्हा तोंड शिवलं होतं काय तुमचं?" आईने विचारलं.

"सांगणारच होतो," बाबा म्हणाले. "रोज उद्यावर गेलं."

रविवारी ते सिहोऱ्याला गेले आणि एकटेच परतले. आत्याने त्यांना पोटभर जेवू घातलं होतं, आम्हा सगळ्यांची चौकशी केली होती. निघताना म्हणाली, "बसमध्ये बसवलं न तू मला, तेव्हाही तुला माहीत होतं."

पुढच्या वर्षी भावाच्या मुंजीला ती दोन दिवस आली. चहा करायला उठली आणि साखरेच्या डब्याला हात लावायच्या आधी आईला म्हणाली, "घेऊ का?"