देवळीतल्या बोराट्या

गावाचं नाव मी सांगणार नाही. सिल्लोड रोडनं हर्सूल मागं टाकलं की पुढं उजव्या हाताला एक फाटा लागतो, एवढंच. जास्त सांगितलं तर उद्या तिथं कोण जाऊन काय करील याचा भरवसा नाही, आणि भरवसा हा माझा प्रांत कधीच नव्हता. एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि दर मार्चमध्ये परीक्षेच्या वर्गात पहारा दिला. जो पोरगा फार शांत बसलेला दिसे, त्याच्या बाहीत हमखास चिठ्ठी निघायची. नवरा म्हणतो, तू चुकून बाई झालीस, तुला फौजदार व्हायचं होतं.

निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं रविवारी स्कूटर काढतो. वेरूळला गर्दी फार, म्हणून आडगावची देवळं धरतो. त्याला कोरीव खांबांचं वेड, मला पाखरांचं. बारवेपाशी दोघांचं जमतं, कारण जुन्या बारवेला लागून देऊळ असतंच आणि पाण्याच्या आसऱ्यानं पाखरंही असतात.

त्या फाट्यावरच्या बारवेला आम्ही पहिल्यांदा गेलो ते फेब्रुवारीत. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, तळाला हिरवं पाणी, भिंतीत ओळीनं देवळ्या, म्हणजे मूर्तींसाठी केलेले कोनाडे. मूर्ती केव्हाच गेलेल्या. नवरा देवळात शिरला. मी वर कडुनिंबाखाली उभी राहिले, तर फांदीवर पिंगळा. मूठभर घुबड ते, पण मान खालीवर करत असं बघत होतं, की जणू जाब मलाच द्यायचा होता.

जवळच एक मावशी शेळ्या राखत बसली होती. मी विचारलं, "मावशी, इथं पिंगळे राहतात का?"

"पिंगळा? त्यो पहाटं यायचा बाई, कंदील घिऊन, दान मागाया. आता लई सालं झाली, यीत नाय."

दारोदार भविष्य सांगत फिरणारा पिंगळा तिच्या डोळ्यांपुढं आला होता. मला हसू आलं. "तो माणूस नव्हे हो. पाखरू."

त्याबरोबर तिचा चेहरा एकदम निर्विकार झाला. "पाखरू नाय काय नाय इथं," ती म्हणाली. तेवढ्यात डोक्यावर ते चिरकलं. मी वर बघितलं, तिच्याकडं बघितलं. ती शेळ्यांकडं बघत होती.

वही उघडून मी म्हटलं, "तुमचं नाव काय मावशी?" मी भेटलेल्यांची नावं लिहून ठेवते, जुनी सवय. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हितं कुणाचं नाव घिऊ नाय," असं म्हणून ती उठली आणि शेळ्या पुढं हाकल्या.

घुबडाच्या कानावर नाव पडलं की ते नाव घोकत बसतं आणि तो माणूस झिजत जातो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या क्षणी आठवलं नाही. डोक्यात एवढंच आलं की बाई पाखरू लपवते आणि नावही लपवते.

मग मी पायऱ्या उतरले. मधल्या टप्प्यावरच्या एका देवळीत बोराट्या कोंबलेल्या होत्या, शेताच्या कुंपणाला लावतात त्या बोरीच्या काटेरी फांद्या, सुतळीनं करकचून बांधलेल्या. वरच्या अंगाला मुठीएवढी फट, तिच्याही कडांना काटे. खाली दगडावर कुंकू आणि कापलेलं लिंबू. आत डोकावले तर तीन पिल्लं, कापूस पिंजून ठेवल्यासारखी, एकमेकांना चिकटून फुसफुसत होती.

आमच्या भागात जिथं जुनी बारव तिथं गुप्तधनाच्या गप्पा, आणि जिथं गुप्तधन तिथं घुबड शोधणारे मांत्रिक. मी हिशेब लावून टाकला. पिल्लं कोंडून ठेवलीत, अमावास्येची वाट बघतायत आणि राखणीला ही म्हातारी बसवलीय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली. सुतळी सोडवली, एकेक बोराटी ओढून काढली आणि पाण्यात भिरकावली. हातांतून रक्त आलं. वर आले तेव्हा मावशी लांब बांधावर होती. मी तिच्याकडं मुद्दाम रोखून बघितलं.

नवऱ्यानं हात बघून विचारलं तर म्हटलं, काटा लागला. खरं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आधी विचारायचंस तरी. ते मला ऐकायचं नव्हतं. घरी येताना मात्र मी खुशीत होते. सिडकोत, आमच्या वसाहतीत, पोचेपर्यंत गुणगुणत होते म्हणे.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. पिल्लं एव्हाना फांदीवर आली असतील, या हिशेबानं मी दुर्बीण गळ्यातच ठेवली होती. मावशी बारवेच्या वरच्या पायरीवर बसलेली. या वेळी तीच आधी बोलली.

"गेली बाई पाखरं."

"उडाली?"

"उडत्यात कशाची. नेली."

तिनं सांगितलं, महिन्यापूर्वी दोन गडी मोटारसायकलवर आले होते, घुबड कुठं घावंल म्हणून विचारत. तिनं त्यांना शिव्या देऊन हाकललं. मग शेतातल्या बोराट्या तोडून आणल्या आणि देवळीचं तोंड बुजवलं. आईला आतबाहेर करायला वर फट ठेवली. "माणसाचा हात जाऊ नये येवढंच," ती म्हणाली. मला विचारल्यावाचून राहवेना. "आणि कुंकू, लिंबू?"

"आसरांचं, बाई. पानी हाय तितं आसरा असत्यात. दर सुक्रवारी ठिवते म्या."

साती आसरा. पाण्यातल्या देवी. इथं जन्मून मला ते कळू नये.

"तुमाला पयल्या दिवशी खोटं बोलले," ती पुढं म्हणाली. "तुमच्या गळ्यात ती दुर्बीन. म्हनलं ह्याबी त्याच कामाच्या का काय. मंग बघितलं, तुमी नुसत्याच बघता. तुमी आला व्हता त्याच्या दुसऱ्या दिशी आले, तर बोराट्या पान्यात तरंगत्यात आन् देवळी मोकळी. आठ-दहा दिस अजून निघालं असतं, तर उडाली असती लेकरं." मग तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. "त्या आयतवारी तुमाला कुणी दिसलं का बाई, बोराट्या काढताना?"

नवरा शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग बारवेत बघितलं. मला लाज वाटत होती. पायाखालची पायरी सरकावी इतकी लाज, तरी तोंडातून आलं ते "नाही."

"न्हाईच दिसायचं. चोर का तुमच्यासमोर काढतोय," ती म्हणाली. पदरानं पायरी झटकून तिनं मला बसायला जागा केली. कडुनिंबावर जोडीतलं एकच पाखरू बसलं होतं. त्याच्याकडं बघत ती म्हणाली, "म्होरल्या साली पुन्हा अंडी घालंल हितंच. मी म्हातारी किती पुरनार. तुमी येत जावा बाई. तुमच्यावानी मानसाची नजर पायजे."

येईन, असं मी म्हणाले. तिनं ते लगेच खरं मानलं.